गोधडीची लेबलं घरच्या प्रिंटरवर छापायची आहेत: कापडाला आधी काय लावायचं?

गोधडीवाली_सोलापूर
नमस्कार मंडळी. जोडभावी पेठेत आम्ही काही जणी मिळून गोधड्या शिवतो. गिऱ्हाईक आपल्याच घरातल्या जुन्या साड्या, धोतरं, पोरांचे फ्रॉक आणून देतं, आम्ही थर लावून हाताने धावदोरा घालतो. हल्ली बऱ्याच जणी म्हणतात, मागच्या कोपऱ्यात एक लेबल लावा : कुणाच्या साड्या, कुणी शिवली, कोणतं साल. विणलेली लेबलं करून देणारे मोठ्या ऑर्डरीखाली बोलत नाहीत, आणि आमच्या तर प्रत्येक गोधडीवर मजकूर वेगळा.

घरी टाकीवाला इंकजेट आहे. पांढऱ्या कॉटनवर छापलं की दिसतं झकास, पण पहिल्याच धुण्यात निळा आणि लाल वाहून जातो. काळं बरंचसं राहतं. परदेशातल्या बायका छपाईआधी कापड एका तयार द्रावणात भिजवतात. ते इथे मागवायचं तर आमच्या मजुरीतच हात घालावा लागेल. तुरटी, धुण्याचा सोडा, कपड्यांचं कंडिशनर असलं काही कुणी वापरलंय का? गोधडी वर्षानुवर्षं वापरायची वस्तू आहे, लेबलही तेवढं टिकावं.

प्रिंटरडॉक्टर
ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. काळं राहतं आणि रंग जातो, कारण त्या दोन जातीच्या शाया आहेत. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, पुन्हा पाणी मिळालं की निघते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, धाग्यांच्या फटीत अडकून बसतात. एचपी आणि कॅनॉनच्या बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काळी पिगमेंटची आणि तीन रंग डायचे असतात. एप्सनच्या ००३ नंबरच्या बाटल्या घेणाऱ्या मॉडेलमध्ये काळीसुद्धा डाय, तर ००१ वाल्यांत काळी पिगमेंट.

काळ्या अक्षरांवर भागत असेल तर द्रावणाची फारशी गरजच नाही. कापड स्वच्छ हवं, छापल्यावर एक दिवस तसंच ठेवायचं, मग कोरडी इस्त्री. फक्त प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'ग्रेस्केल' किंवा 'फक्त काळी शाई' निवडा, आणि कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' ठेवा. 'फोटो पेपर' निवडलं की पुष्कळदा तीन रंग मिसळून काळा बनवला जातो, तो धुतल्यावर तांबूस नाहीतर निळसर होतो.

गोधडीवाली_सोलापूर
हे कुणी सांगितलंच नव्हतं! आमची काळी पिगमेंटचीच आहे, बाटलीवर पाहिलं. पण कडेला छोटी रंगीत वेलबुट्टी हवी असते हो गिऱ्हाइकांना. निदान पदराचा रंग तरी.

आजीची_पिशवी
आम्ही कापडाला साबुदाण्याची घट्ट खळ देतो, कडक इस्त्री करतो आणि सरळ प्रिंटरमध्ये घालतो. कागदासारखं जातं. रंगही पसरत नाही, अक्षरं कोरल्यासारखी येतात. रसायनं कशाला?

रंगारी_भवानीपेठ
आजी, खळीवर अक्षरं छान उठतात हे खरंच. पण शाई बसते खळीवर, धाग्यावर नाही. धुताना खळ सुटते आणि शाईला सोबत घेऊन जाते. फ्रेम करून लावायच्या कापडाला चालेल, गोधडीला नाही.

मी डाइंगमध्ये आयुष्य काढलंय, टॉवेलचं सूत रंगवत. त्या अनुभवावरून सांगतो. इंकजेटचे डाय ऋणभाराचे असतात. ओल्या सुतावरही थोडा ऋणभारच असतो. म्हणजे दोघं एकमेकांना ढकलतात, मग रंग टिकणार कसा? मध्ये धनभाराचं काहीतरी घालावं लागतं, जे एका हाताने सूत धरेल आणि दुसऱ्या हाताने रंग. कपड्यांचं कंडिशनर धनभाराचंच असतं, म्हणून त्याचा थोडा उपयोग होतो. तुरटीतलं अॅल्युमिनियमही तेच काम करतं. हिरडा आणि तुरटी लावून मंजिष्ठा चढवायची पद्धत आपल्याकडे किती जुनी आहे. पण मंजिष्ठा वेगळी आणि प्रिंटरचा डाय वेगळा, त्यामुळे तुरटीकडून तेवढ्याच पक्केपणाची अपेक्षा ठेवू नका.

आता सोलापुरात राहून तुम्ही बाहेरची बाटली मागवता याचं मला वाईट वाटतं. डाइंगवाले जो 'फिक्सर' वापरतात तो हाच : धनभाराचा, लांब साखळीचा, सुताला कंडिशनरपेक्षा कितीतरी घट्ट धरणारा. रंग-रसायनांच्या दुकानात किलोने मिळतो. दुकानदार ओळखीचा असेल तर रिकाम्या बाटलीत पाव लिटर देईल. तेवढ्यात तुमची वर्षभराची लेबलं होतील.

कापूस_ते_कौदी
+१ रंगारीकाका. हे सोनं आहे, वरच ठेवा.

चाटीगल्ली_फॅन
काका, आम्ही तर ऐकलंय की फिक्सर रंगवल्यानंतर लावतात. मग छापून झाल्यावर फिक्सरच्या पाण्यात बुडवलं तर?

रंगारी_भवानीपेठ
बरोबर ऐकलंय, डाइंगमध्ये शेवटच्या पाण्यातच घालतात. पण तिथे रंग सुताच्या आत मुरलेला असतो. प्रिंटरची शाई वरच्या वर बसलेली असते. ओलं केलं की फिक्सर पोचायच्या आधी ती सुटते आणि सगळं लेबल निळसर होतं. म्हणून छपाईसाठी फिक्सर आधी. मी लिटरभर कोमट पाण्यात वीसेक मिली धरतो. पण प्रत्येक कंपनीची तीव्रता निराळी, डब्यावरचं बघून घ्या. पंधरा-वीस मिनिटं कापड बुडवून ठेवा, हलकं पिळा, सावलीत वाळवा. धुवून टाकू नका, नाहीतर लावलेलं सगळं गटारात.

आणि एक तोटाही सांगतो. फिक्सरने पाण्यातला पक्केपणा वाढतो, उन्हातला वाढत नाही, उलट काही रंग लवकर विटतात. गोधडी वाळत घालताना लेबलाची बाजू आत ठेवा.

बाळंतविडा
तान्ह्या बाळाच्या दुपट्यांसाठी विचारते. ती बाळाच्या तोंडाशी येतात, हा फिक्सर चालेल का?

रंगारी_भवानीपेठ
ताई, काही फिक्सरमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं. त्याशिवायचेही मिळतात, दुकानात तसं स्पष्ट विचारून घ्या. पण तान्ह्यांच्या दुपट्याला आणि कुंचीला मी तोही लावू देणार नाही. तिथे सुई-दोऱ्याने नाव भरा, किंवा नुसती काळी पिगमेंट शाई, भरपूर धुतलेली. लेबल बाळाच्या अंगाला लागणार नाही अशा बाजूला.

शिवणकाम_शेजारीण
तुरटी-सोड्याचं प्रमाण मी देते, परदेशातल्या बहिणीच्या गोधडी-मंडळातून आलेलं आहे. दोन कप गरम पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड पूर्ण विरघळवायची, मग एक छोटा चमचा धुण्याचा सोडा थोडा थोडा घालायचा. फसफसून वर येतं, म्हणून भांडं मोठं घ्या. कापड त्यात बुडवून ठेवायचं, निथळून वाळवायचं. दुसऱ्या फेरीला चार कप पाण्यात पाव कप कंडिशनर, परत बुडवून वाळवायचं, मग इस्त्री. सोडा तुरटीचा आंबटपणा मारतो. नुसती तुरटी कापडात राहिली तर वर्षांनी सूत कमकुवत होतं.

भांडं स्टीलचं. जर्मनचं पातेलं अजिबात नको, सोडा त्याला खातो.

आजीची_पिशवी
खायचा सोडा चालेल का? तो घरात असतोच.

शिवणकाम_शेजारीण
तो सौम्य पडतो आजी. धुण्याचा सोडा किराण्यात सहज मिळतो. हाताला झोंबतो, मोजे घालूनच काम करा.

होटगी_रोड
पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. आपल्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही, मग निम्मं काम बोअरच्या पाण्यावर. ते इतकं जड की बादलीत पांढरा थर बसतो. त्यात सोडा घातला की चुना खाली बसून कापडावर पावडर चिकटते. ती पावडर प्रिंटरच्या हेडखाली गेली तर काय होईल?

प्रिंटरडॉक्टर
हेडची छिद्रं बुजतील. हा मुद्दा फार महत्त्वाचा. द्रावणासाठी फिल्टरचं पाणी घ्या, लागतं तरी किती, दोन-चार कप. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी धरलं तर आणखी उत्तम. वाळल्यावर कापड झटका, कोरड्या ब्रशने पुसा, मगच इस्त्री. तुरटीचे खडे चमकताना दिसले तर ते कापड प्रिंटरमध्ये घालूच नका.

आणि कापड पूर्ण कोरडं हवं. तुमच्याकडे मे महिन्यात ती चिंता नाही म्हणा, उलट त्या उन्हाळ्यात शाईच नोझलमध्ये वाळते. आठवड्यातून एक तरी पान छापत राहा.

चाटीगल्ली_फॅन
कापड कुठलं घ्यावं? मांजरपाट स्वस्त पडतं.

रंगारी_भवानीपेठ
मांजरपाट खरखरीत, विणीचे डोळे मोठे, बारीक अक्षर त्यात फुटतं. पांढरं केंब्रिक किंवा पॉपलीन घ्या, शंभर टक्के सुती. नव्या कापडात गिरणीची खळ असते, ती काढल्याशिवाय तुरटी, फिक्सर काहीच आत शिरत नाही. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून अर्धा तास उकळा, खळखळून धुवा. थेंब टाकून बघा : पाणी लगेच शोषलं गेलं तर कापड तयार, मण्यासारखं वर राहिलं तर परत उकळा.

कापूस_ते_कौदी
कापडाचा हिशेब मी मांडते, काटकसर तर हवीच आहे ना. छत्तीस इंच पन्ह्याचं एक मीटर कापड घेतलं तर आडवे चार आणि उभे तीन, असे ए-४ आकाराचे १२ तुकडे निघतात. एका ए-४ वर १० बाय ७ सेंटिमीटरची आठ लेबलं बसतात. म्हणजे मीटरभर केंब्रिकमध्ये ९६ लेबलं! चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर दुमडायला सोडा, दिसायला ८ बाय ५ उरतं, भरपूर झालं. फक्त आधी उकळून आटवा आणि मग कापा, नाहीतर मापं चुकतील.

गोधडीवाली_सोलापूर
बाई गं, ९६! आमचं तर सालभर निघेल. पण कापड प्रिंटरमध्ये जाताना चुरगळतं त्याचं काय? ते फ्रीझर पेपर म्हणतात ते इथे कुठे बघायला मिळत नाही.

शिवणकाम_शेजारीण
फ्रीझर पेपर म्हणजे एका बाजूने प्लॅस्टिकचा पातळ थर असलेला कागद, इस्त्रीने तात्पुरता चिकटतो आणि नंतर सोलता येतो. बेकिंगचा बटर पेपर त्याच्या जागी चालत नाही, त्याला काही चिकटतच नाही. मी स्टेशनरीतला ए-४ चा अखंड स्टिकर पेपर वापरते. कापड इस्त्री करून गार होऊ द्यायचं, मधून कडेकडे तळहाताने दाबत चिकटवायचं, कडेचे दोरे कात्रीने साफ. छापलं की लगेच सोला. तसंच ठेवलं किंवा वरून इस्त्री फिरवली तर गोंद कापडात उतरतो.

टेलरमामा
मी वेगळं सांगतो. कॉलरला लावतो ते इस्त्रीने चिकटणारं पातळ बकरम मागून लावा. सोलायची भानगडच नाही, ते लेबलातच राहतं, लेबल ताठ बसतं, कडा दुमडायला सोपं जातं. चाटी गल्लीत टेलरिंगच्या सामानात मिळतं. प्रिंटरमध्ये जाणारी पुढची कड मात्र सरळ हवी, तिथे कागदी टेपची एक पट्टी गुंडाळा.

होटगी_रोड
मामा, बकरम लावलेलं लेबल गोधडीत टोचणार नाही का? गोधडी मऊ, तिचा कोपरा ताठ. मला ते पटत नाही.

टेलरमामा
जाड घेतलं तर टोचेल. सगळ्यात पातळ मागा. धावदोऱ्याच्या सुईला ते जाणवतही नाही.

प्रिंटरडॉक्टर
दोन्ही चालतील, तुमच्या प्रिंटरवर अवलंबून आहे. कागद मागून वरून घालायचा असेल तर वाट बरीच सरळ असते, कापड आरामात जातं. समोरच्या खालच्या ट्रेमधून जाणारा कागद आत पूर्ण वळतो, तिथे स्टिकरवरचं कापड सुटून अडकण्याची भीती जास्त. त्यासाठी मामांचं बकरम बरं. एका वेळी एकच तुकडा घाला, आणि सेटिंगमध्ये जाड कागदाचा पर्याय असेल तर तो घ्या.

लेझर प्रिंटरमध्ये मात्र बकरम, स्टिकर, फ्रीझर पेपर यातलं काहीही घालू नका. आतला रोलर दोनशे अंशांच्या आसपास तापतो, गोंद वितळून तिथेच चिकटेल.

मंगळवार_बाजार
आम्ही सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने रंग वाफ करून बसवायच्या छपाईने, चहा-कॉफीचे मग छापतो. त्याने करून देऊ का लेबलं?

प्रिंटरडॉक्टर
सब्लिमेशन पॉलिस्टरवर पक्कं बसतं, सुतीवर नाही. सॅटिनच्या पॉलिस्टर रिबिनीवर छान होईल, पण सुती गोधडीवर ती चकचकीत रिबिन कुणाला आवडते, कुणाला नाही.

नातवंडांची_नानी
विषय थोडा सोडते. आमच्या घरी माझ्या सासूबाईंची एक वाकळ आहे. तिच्या मधल्या थरात सोलापूरच्या 'जुनी गिरणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापड गिरणीचं कापड आहे आणि एका तुकड्यावर ताग्याच्या टोकाचा छाप अजून अर्धा वाचता येतो. त्या गिरणीत सासरे कामाला होते. कुणी लेबल म्हणून तो लावला नव्हता, पण आज तोच आमच्या घराचा पुरावा आहे. म्हणून गोधडीवालीताईंना सांगते, लेबल लावाच, आणि त्यावर गावाचं नाव लिहा. नातवंडं पुण्या-मुंबईला आणि त्यापलीकडे जातात. गोधडी त्यांच्याबरोबर जाते, माहिती मागे राहते.

कापूस_ते_कौदी
नानी, अगदी. आमच्या अक्कलकोटच्या आजीने कौदीच्या, म्हणजे गोधडीच्याच, कोपऱ्यात प्रत्येक नातवाचं एकेक अक्षर दोऱ्याने भरलं होतं. माझं 'म' अजून शाबूत आहे.

होटगी_रोड
जुनी गिरणी १८७७ ची. तिचा छाप असलेलं कापड जपून ठेवा नानी. उन्हात घालू नका.

दिवटीगल्ली
काय करूलालाव सगळे, इतकं रसायन! रबरी शिक्का बनवून घ्या, 'सोलापूर' आणि एक वेलबुट्टी. फॅब्रिक कलर स्पंजवर घेऊन ठसा मारा, वाळल्यावर मागून इस्त्री. नाव-साल तेवढं काळ्या शाईत छापा. रंगाचा प्रश्नच मिटला.

रंगारी_भवानीपेठ
शाब्बास! हे फिक्सरपेक्षाही पक्कं. फॅब्रिक कलरमध्ये बाइंडर, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारा पदार्थ असतो, इस्त्रीच्या उष्णतेने तो कायमचा बसतो. रंग पातळ करू नका आणि पहिलं धुणं चार दिवसांनी करा.

अक्षरवेडा
कुणी टंकाबद्दल, म्हणजे फॉन्टबद्दल, बोललं नाही म्हणून लिहितो. देवनागरी कापडावर छापताना सगळ्यात आधी अनुस्वार बिघडतो. शाई दोऱ्याच्या दिशेने सरकते, टिंब पसरून शिरोरेषेला चिकटतं. 'ष' मधली तिरकी रेघ भरून 'प' नाही आणि 'ष' नाही असं काहीतरी होतं. रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. उपाय : अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, टंक मध्यम जाडीचा, ठळक नको, ओळींमध्ये अंतर सैल. आकडेही देवनागरी घालणार असाल तर १ आणि ९ नीट वेगळे दिसतील असा टंक निवडा, साल चुकीचं वाचलं जायला नको.

गोधडीवाली_सोलापूर
अक्षरवेडा, 'शोभाताईंच्या साड्यांची' असं एक लेबल छापलं होतं त्यात अगदी हेच झालं, 'च्या' आणि 'ची' एकमेकांसारखे आणि अनुस्वार गायब. आता टंक बदलते.

मंडळी, तुम्ही सांगितलेलं करून बघितलं. रंगारीकाकांनी सांगितल्या दुकानातून फिक्सर आणला, फॉर्मल्डिहाइड नसलेलाच. एकाच केंब्रिकच्या पट्ट्या : एक कोरी, एक तुरटी-सोडा-कंडिशनरवाली, एक फिक्सरवाली. सगळ्यांवर तीच वेलबुट्टी आणि तोच मजकूर. दिवसभर ठेवलं, इस्त्री केली, मग आमच्या बोअरच्या पाण्यात साबणवडीने धुतलं, कारण गिऱ्हाईक तसंच धुणार आहे.

कोऱ्या पट्टीवर काळं तेवढं उरलं. तुरटीवालीवर निळा बऱ्यापैकी राहिला, लाल फिका गुलाबी झाला, पिवळा दिसेना. फिक्सरवालीवर तिन्ही रंग ओळखू येतात, लाल थोडा उतरला पण लालच आहे. आणि एक बघितलं : फिक्सरवालीवर अक्षरांच्या कडाही स्वच्छ, शाई दोऱ्यावरून पळाली नाही. काळं तिन्हींवर सारखंच.

रंगारी_भवानीपेठ
कडा स्वच्छ कारण रंग पडल्या जागी धरला गेला, सरकायला वेळच मिळाला नाही. अजून काही धुण्यांनंतर परत सांगा. कंडिशनर हळूहळू निघून जातं, तेव्हा तुरटीवाली पट्टी आणखी उतरेल असा माझा अंदाज.

शिवणकाम_शेजारीण
काका म्हणतात ते मान्य. पण ज्यांच्या गावात रंग-रसायनांचं दुकान नाही त्यांना तुरटी-सोडाच हाताशी आहे. त्यांनी निळ्या-काळ्यावर भर द्यावा, लाल वेलबुट्टीच्या मागे लागू नये.

बाळंतविडा
मग ताई, तुमचं काय ठरलं?

गोधडीवाली_सोलापूर
नाव, साल आणि 'सोलापूर' पिगमेंट काळ्यात, सगळ्यांना. नानींचं ऐकलं, गाव लिहिणारच. वेलबुट्टीला दिवटीगल्लींचा शिक्का आणि फॅब्रिक कलर, तो गिऱ्हाइकाच्या पदराशी जुळवून घेता येतो. ज्यांना फोटो किंवा बारीक रंगीत नक्षीच हवी त्यांच्यासाठी फिक्सर लावलेली पानं वेगळी तयार ठेवीन, थोडे जास्त पैसे सांगून. दुपट्यांवर हाताने भरलेलं नाव. मागे मामांचं पातळ बकरम, आमचा प्रिंटर समोरून कागद घेणारा आहे.

लेबलाच्या खालच्या ओळीत 'गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा' एवढं घालते.

टेलरमामा
लेबल चारी बाजूंनी शिवा, नुसते कोपरे टाचू नका. धोब्याने गोधडी घाटावर आपटली तर लेबल कोपऱ्यातूनच फाटतं. आणि शेवटचा थर गोधडीला लावायच्या आधीच लेबल त्या थराला शिवून घ्या, म्हणजे टाके आत लपतात.

आजीची_पिशवी
मी खळ सोडून फिक्सर आणायला नातवाला पाठवलंय. काका, त्या दुकानाचा पत्ता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.